जुना पीसी, लिनक्स आणि प्रिंटर: ‘ड्रायव्हर’ शब्दाचा घोळ

जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं की वायफायसकट बहुतेक सगळं चालू होतं आणि गाडी अडते ती प्रिंटरपाशी. प्रिंटर लिस्टमधे दिसतो, जॉब जातो, आणि मग ‘फिल्टर फेल्ड’, म्हणजे डेटा प्रिंटरच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्राम (फिल्टर) पडला. लगेच दुसरा ड्रायव्हर शोधायची धावपळ. पण ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, हेच मधल्या काळात दोन-तीनदा बदललंय.

युनिक्सची जुनी छपाई व्यवस्था एलपीडी आणि तिच्यासाठी प्रिंटरची माहिती हाताने लिहायची प्रिंटकॅप फाइल सोडून देतो. तेव्हा प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट या पान वर्णन करणाऱ्या भाषेत काढायचे, ती समजणारा महागडा प्रिंटर नसला तर मधे ती उलगडून देणारं घोस्टस्क्रिप्ट घालायचं, चाललं तर चाललं. १९९९ मध्ये कप्स ही छपाई सांभाळणारी नवी प्रणाली आली आणि ६३१ पोर्टवर ब्राउझर उघडून प्रिंटर जोडता येऊ लागला. २००२ मध्ये मॅकने तीच उचलली, २००७ मध्ये मॅकवाल्या ॲपल कंपनीने कप्सचा सोर्स कोडच विकत घेतला आणि मूळ लेखकालाही कामावर घेतलं.

आता पीपीडी, म्हणजे प्रिंटर जोडताना लागणारी वर्णनाची फाइल. ही मुळात ड्रायव्हर नव्हतीच! पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला ट्रे किती, कागद कुठले, दोन्ही बाजूंनी छापतो का, एवढं सांगणारी साधी टेक्स्ट फाइल. कप्सने तीच फाइल बाकीच्या प्रिंटरांनाही लावली, आत एक ओळ घालून की डेटा अमुक फिल्टरमधून न्या. खरं काम तो फिल्टर करतो. म्हणून दुसऱ्या मशीनवरून नुसती पीपीडी कॉपी केली तर प्रिंटर जोडला जातो, सगळं बरोबर दिसतं आणि छापत मात्र काहीच नाही. त्यात फिल्टर म्हणजे प्रिंटर कंपनीने सोर्स कोड न देता दिलेला ३२ बिट प्रोग्राम असेल आणि सिस्टिम ६४ बिट, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही लॉगमधे ‘नो सच फाइल’ येतं, कारण सापडत नसतो तो ३२ बिट प्रोग्राम सुरू करून देणारा लोडर, आणि माणूस फाइलच शोधत बसतो. विंडोजच्या भरवशावर बनवलेले बिनडोक प्रिंटर हा आणखी एक ताप, लेझरजेट १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्राम) पाजावं लागतं, आणि तेही लिनक्सवर चालले ते हौशी लोकांनी त्यांची भाषा उलगडली म्हणून.

कप्सवाल्यांचा वादग्रस्त निर्णय म्हणजे ड्रायव्हरच बंद करायचे. २०१० मध्ये एअरप्रिंट आलं, पुढे आयपीपी एव्हरीव्हेअर, म्हणजे ड्रायव्हरशिवाय छापायच्या पद्धती, प्रिंटर स्वतःच सांगू लागले की मला काय जमतं, मग पीपीडी हवी कशाला? पुढे कप्सची एलपीॲडमिन ही कमांड प्रिंटर जोडताना बजावू लागली की ड्रायव्हर पुढच्या एखाद्या आवृत्तीत चालणार नाहीत. तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण ज्याच्याकडे जुना पीसी त्याच्याकडे बहुधा प्रिंटरही जुनाच, त्याचा विचार शेवटी झाला असं माझं मत. उपाय निघाला प्रिंटर ॲप्लिकेशनचा, म्हणजे जुना ड्रायव्हर आत ठेवून बाहेरून नवा नेटवर्क प्रिंटर असल्याचं सोंग, आणि त्यासाठी कमी रॅमच्या मशीनवर मागे आणखी एक प्रोग्राम चालत ठेवायचा. २०१९ च्या शेवटी कप्सचा मूळ लेखक ॲपलमधून बाहेर पडला, २०२० मध्ये कप्सचा स्वतंत्र फोर्क (त्याच कोडवरून वेगळी शाखा) निघाला, निर्णय तोच राहिला. मधे आयपीपी-यूएसबी हा प्रोग्राम आला, तो नव्या प्रिंटरचा यूएसबी स्वतःकडे घेतं आणि मग जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला तो प्रिंटर मिळतच नाही.

कप्स ३ मध्ये पीपीडी जाणार, २ च्या मालिकेत अजून चालते. तेव्हा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलण्याआधी एरर लॉगमधे कुठला फिल्टर पडला ती ओळ बघा.