न्यू जर्सीत हँडगन जवळ बाळगण्याचा परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि बदलता कायदा

हँडगन जवळ बाळगण्याचे नियम सैल करावेत, अशी मागणी अमेरिकेतील बंदूक-हक्कांच्या बाजूच्या संघटना आणि प्रामुख्याने रिपब्लिकन लोकप्रतिनिधी अनेक वर्षे करीत आले आहेत, आणि तिला बरेच यशही आले आहे. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना यांची भर पडल्यावर, परवान्याशिवाय हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येणाऱ्या राज्यांची संख्या २९ झाली. न्यू जर्सी त्यांत नाही. एडिसन, इझलिन आणि आसपासच्या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. टेक्सासमधल्या नातेवाइकाकडून ऐकलेला नियम येथेही लागू असेल असे गृहीत धरणे त्यांना फार महागात पडू शकते. येथे परवान्याविना हँडगन बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून त्यासाठी पाच ते दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

न्यू जर्सीचा दरवाजा उघडला तो मात्र विधिमंडळाने नव्हे, न्यायालयाने. पूर्वी अर्जदाराला स्वतःला नेमका कोणता धोका आहे, म्हणजे पूर्वी झालेला हल्ला किंवा ठोस धमकी, हे सिद्ध करावे लागे, आणि सामान्य नागरिकाला ते जवळजवळ अशक्य होते. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधील अशाच अटीविरुद्धच्या खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी, ती अट घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर न्यू जर्सीनेही ‘खास गरज’ सिद्ध करण्याची अट सोडली. पण लगेच, २२ डिसेंबर २०२२ रोजी, गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि गरजेच्या जागी प्रशिक्षण, संदर्भ, विमा, वाढीव शुल्क आणि निषिद्ध ठिकाणांची लांब यादी आली. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने मोजून घेतले, असे या कायद्याचे टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते गर्दीच्या राज्यात एवढी चाळणी हवीच.

अर्जाकडे वळण्याआधी पात्रतेचा एक प्रश्न निकाली काढावा, कारण आपल्या समाजात सर्वाधिक गैरसमज त्याबाबतच आढळतो. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगताच येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत, पण कोणी तरी सांगितले म्हणून त्यांवर विसंबू नये. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावे. या बंदीचा भंग केल्यास २०२२ पासून कमाल शिक्षा पंधरा वर्षांची आहे. ग्रीन कार्डधारकाला मात्र बंदूक विकत घेता येते आणि परवान्यासाठी अर्जही करता येतो. तरीही त्याची स्थिती नागरिकासारखी निर्धास्त नसते: बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशातून हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे, मग शिक्षा कितीही किरकोळ असो.

गांजाचा मुद्दाही येथेच सांगायला हवा. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून प्रौढांना गांजाची दुकाने खुली आहेत, परंतु बंदूक विकत घेताना भरायच्या फेडरल फॉर्मवर गांजाच्या वापराबद्दल थेट विचारलेले असते आणि राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, अशी सूचनाही त्यातच छापलेली असते. त्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे हा आणखी एक गुन्हा आहे.

आता कागद. येथे तीन वेगवेगळे दाखले आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिले, बंदूक खरेदीदाराचे ओळखपत्र, जे रायफल आणि शॉटगनसाठी लागते. दुसरा, हँडगन खरेदीचा परवाना. एका परवान्यावर एकच हँडगन घेता येते आणि तो नव्वद दिवस चालतो. अशी घेतलेली हँडगन घरात किंवा स्वतःच्या व्यवसायाच्या जागेत ठेवता येते, आणि रिकामी करून बंद पेटीत नेमबाजीच्या रेंजवर नेता येते. ती कमरेला लावून रस्त्यावर जाता येत नाही. त्यासाठी तिसरा, म्हणजे बाळगण्याचा परवाना लागतो. हँडगनच्या खरेदीसाठी आणि बाळगण्यासाठी वय किमान २१ वर्षे हवे.

बाळगण्याच्या परवान्याचा अर्ज ज्या गावात वा शहरात आपण राहतो तेथील पोलीस प्रमुखांकडे जातो. स्थानिक पोलीस खाते नसेल तर तो राज्य पोलिसांकडे करावा. २०२२ पर्यंत अंतिम मंजुरी न्यायाधीश देत असत. आता निर्णय पोलीस प्रमुखच घेतात, त्यामुळे अर्जात अपुरेपणा राहिला तर तो दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांच्याच कार्यालयात चकरा माराव्या लागतात. अर्जासोबत छायाचित्र, ओळखीचा आणि निवासाचा पुरावा, ग्रीन कार्डधारक असल्यास त्या कार्डाचा तपशील, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्याची लेखी संमती, बोटांचे ठसे आणि प्रशिक्षणाचा दाखला लागतो. कायद्यातील शुल्क २०० डॉलर आहे. ठसे आणि प्रशिक्षण यांचा खर्च त्यावर वेगळा.

नावाच्या रकान्यात मराठी अर्जदाराने विशेष सावध राहावे. फॉर्मवर विवाहापूर्वीचे नावही विचारलेले असते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, तर मधले नावही वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि काही घरांत स्त्रीचे पहिले नावसुद्धा बदलले जाते. एका पासपोर्टवर ‘सुनंदा वसंत’, दुसऱ्यावर ‘स्नेहल प्रकाश’, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर मधले नावच नाही, असे झाले की तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन-तीन वेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात. आधी वापरलेली सगळी नावे, स्पेलिंगमधील फरकांसह, आपणहून लिहावीत. विवाह प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी. नाव लपवल्याचा नुसता संशयही अर्ज रेंगाळायला पुरेसा असतो.

संदर्भासाठी चार व्यक्ती द्याव्या लागतात. त्यांनी अर्जदाराला किमान तीन वर्षे ओळखलेले असावे आणि त्या नात्यातल्या नसाव्यात, मग ते नाते रक्ताचे असो वा लग्नाचे. मेव्हणा, व्याही किंवा सासरचे कोणी चालणार नाही. पोलीस या चौघांशीही बोलतात, अर्जदाराचे दारू वा अमली पदार्थांचे सेवन आणि त्याचे वागणे यांबद्दल विचारतात. म्हणून नाव देण्यापूर्वी त्यांना सांगून ठेवावे. मंडळाच्या गणेशोत्सवात वर्षातून एकदा भेटणारा परिचित ऐन वेळी ‘फारसे माहीत नाही’ म्हणाला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

प्रशिक्षणात कायद्याचा भाग आणि प्रत्यक्ष नेमबाजी असे दोन्ही असतात. राज्याच्या ठरलेल्या चाचणीत वेगवेगळ्या अंतरांवरून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात आणि ऐंशी टक्के, म्हणजे चाळीस, लक्ष्यावर बसायला हव्यात. ज्याने हयातीत जत्रेतल्या फुग्यांपलीकडे नेम धरलेला नाही, त्याने थेट चाचणीला न जाता आधी काही तास प्रशिक्षकाकडे सराव करावा. किमान तीन लाख डॉलरच्या दायित्व विम्याची (बंदुकीमुळे दुसऱ्याला इजा वा नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याची) अटही कायद्यात आहे, पण तिला आणि निषिद्ध ठिकाणांच्या काही तरतुदींना न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. अर्जाच्या दिवशी कोणती अट अमलात आहे हे राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

निर्णयासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. नकार मिळाल्यास तीस दिवसांत काउंटीच्या सुपीरियर कोर्टात दाद मागता येते. मंजूर झालेला परवाना दोन वर्षे चालतो. शाळा, न्यायालये, रुग्णालये, ग्रंथालये, मद्यगृहे आणि कॅसिनो यांसारख्या ठिकाणांवर कायद्याने निर्बंध घातलेले आहेत.

राज्याची सीमा ओलांडली की हा परवाना आपोआप सोबत येत नाही. पेनसिल्वेनियाचा परवाना न्यू जर्सी मानत नाही आणि न्यूयॉर्क शहरासाठी वेगळा लागतो. हीच अडचण दूर करण्यासाठी, एका राज्याचा हक्क सर्व राज्यांत मान्य व्हावा, असे विधेयक बंदूक-हक्कवाद्यांच्या यादीत अग्रस्थानी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये असे विधेयक प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड हडसन यांनी जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा आणले आणि मार्चमध्ये न्यायविषयक समितीने त्यास मान्यता दिली. ते विधेयक ज्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई नाही अशा व्यक्तींनाच लागू होणार आहे, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या अभियंत्याची स्थिती त्यानेही बदलणार नाही.