रोग पकडायला पोलीस पाठवले तेव्हा

फेब्रुवारी 1989. म्हापशाजवळच्या पर्रा गावातून डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. त्याच्या हातून गुन्हा काहीच घडला नव्हता. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. आधी रुग्णालयात, मग क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या, वापरात नसलेल्या एका इमारतीत त्याला पहाऱ्यात ठेवलं, तब्बल 64 दिवस. एचआयव्हीबाधितांना अलग ठेवण्याची तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा होती. त्याची आई ल्यूसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. मुलगा घरी आला, पण निकालात ती तरतूद वैध ठरली.

या कायद्याचा विचार भावना बाजूला ठेवून, फक्त विषाणूच्या अंगाने करून पाहू.

एचआयव्ही रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून जातो. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने तो पसरत नाही. हे 1989च्या कितीतरी आधी स्पष्ट झालं होतं. म्हणजे माणसाला खोलीत कोंडून अडवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो, पण त्याच्याशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, अजून तयार झालेली नसतात. तेव्हाची चाचणी प्रतिपिंडं शोधायची. त्यामुळे ज्या काळात माणसाकडून लागण होण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच काळात अहवाल ‘निगेटिव्ह’ यायचा. पुढे आठ-दहा वर्षं बहुतेकांना काही लक्षणंही जाणवत नाहीत. पोलिसांच्या हाती लागणार तो फक्त चाचणी झालेला माणूस. डॉमिनिक सापडला तो रक्तदान केलं म्हणून. हे पाहिल्यावर गावातल्या किती जणांना रक्तपेढीत जावंसं वाटलं असेल?

आणि तरीही असा कायदा झाला, कारण त्याआधी काही वर्षं त्याची भाषा तयार होत होती. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. ते समलिंगी होते, आणि लगेच हा ‘त्यांचा’ रोग ठरला. मग धोक्याच्या यादीत हैतीचे लोकही आले. अमेरिकेत राहणाऱ्या हैतियन माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या मुलांना शाळेत हिणवलं गेलं. 1985 मध्ये त्यांचं नाव यादीतून काढलं, पण बसलेला शिक्का पुसला गेला नाही. ऑक्टोबर 1982 मध्ये व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत एका वार्ताहराने या साथीबद्दल विचारलं, तर प्रवक्त्याने थट्टेवारी नेलं आणि दालनात हशा पिकला. अध्यक्ष रेगन यांनी या विषयावरचं पहिलं मोठं भाषण केलं ते मे 1987 च्या अखेरीस. तोवर अमेरिकेत वीस हजारांहून अधिक माणसं दगावली होती. मला या मौनाचा राग येतो. कारण साथीत वरच्या खुर्चीतून आलेला शब्द, किंवा न आलेला शब्द, खाली निधी, चाचण्या आणि संशोधनाचा वेग ठरवत असतो.

आपल्याकडे ‘ते’ म्हणजे परदेशी आणि वेश्याव्यवसायातल्या बायका. 1986 मध्ये चेन्नईत लागणीची पहिली नोंद झाली ती या बायकांच्याच रक्ताच्या नमुन्यांत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तेव्हाच्या महासंचालकांनी तर भारतीयांनी परदेशी व्यक्तींशी शरीरसंबंध ठेवण्यावर कायद्याने बंदी घालावी, असं सुचवलं होतं. आपली संस्कृतीच आपल्याला वाचवेल, हे व्यासपीठावरून ऐकायला बरं वाटायचं.

याची किंमत कुणी मोजली, ते पुण्यात दिसलं. 1993 ते 1996 या काळात शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वेश्याव्यवसायात नसलेल्या जवळपास चारशे स्त्रिया होत्या. बहुतेक जणी लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या. त्यांच्यापैकी सुमारे 14 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. दवाखान्यात येण्याची वेळ आलेल्या बायका म्हणून हा आकडा सगळ्या शहराचा मानता येत नाही. पण त्यांना हा आजार घरातूनच मिळाला होता. रोग ‘तसल्या’ लोकांना होतो हे पक्कं ऐकलेल्या घरात निरोध वापरू या, असं नवऱ्याला म्हणणार कोण? म्हणजे तू माझ्यावर संशय घेतेस, किंवा तूच तसली आहेस. कलंकाचं काम असं चालतं. ज्याच्यावर बोट रोखलं तो लपतो, आणि ज्याच्यावर रोखलं नाही तो निर्धास्त राहतो. विषाणूला दोन्ही सोयीचं.

उलट वाटेने गेलेलेही होते. युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी 1986 पासून सभांमध्ये एड्सबद्दल उघड बोलू लागले, गुराख्यांच्या भाषेत, आपल्या कुरणाबाहेर चरू नका असं सांगत. पुढच्या दशकात तिथलं लागणीचं प्रमाण खूप घटलं. श्रेय कशाला किती यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण विषय घराघरात बोलण्याजोगा झाला हे सगळेच मानतात. याउलट दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष म्बेकी यांनी एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, अशी शंका घेतली आणि औषधं रखडली. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजाने 2000 ते 2005 या काळात त्यापायी तीन लाख तीस हजारांवर जीव गेले.

आणि सांगली. तिथे 1992 पासून ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून वेश्यावस्तीतल्या बायकाच एकमेकींना निरोध वाटू लागल्या. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे त्यांच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार! ज्यांना साथीचं मूळ म्हणून हिणवलं जायचं, त्याच साथ रोखायला उभ्या राहिल्या.

डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये तो गेला. भेदभावाला मनाई करणारा आणि संमतीशिवाय चाचणी करू नये असं सांगणारा केंद्राचा कायदा व्हायला 2017 उजाडलं. आज सरकारी एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांवर, औषध मोफत मिळतं. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका दबला, की जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने कितीतरी जण अजूनही आपल्या जिल्ह्यातलं केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यात जातात. एक खाडा मजुरीचा, वर एसटीचं भाडं. पेरणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत ती फेरी हुकते, गोळ्या संपतात आणि विषाणू पुन्हा वाढू लागतो.