उपनगरी अँग्लिकन पॅरिश

उपनगरी अँग्लिकन पॅरिश : मोठ्या शहराच्या कडेने पसरलेल्या निवासी वस्तीत काम करणारे अँग्लिकन चर्चचे (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील ख्रिस्ती पंथाचे) स्थानिक एकक. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सर्व प्रकारची मिळून सुमारे १२,५०० पॅरिश असून त्यांच्याकडे जवळपास १६,००० चर्च इमारती आहेत. इंग्लंडची जवळजवळ सगळी भूमी कोणत्या ना कोणत्या पॅरिशच्या हद्दीत येते. या नोंदीत मुख्यतः इंग्लंडमधील लहान उपनगरी पॅरिशचा विचार केला आहे. रविवारच्या उपासनेला वीस-पंचवीस ते साठ-सत्तर माणसे येतात आणि हद्दीत मात्र हजारो लोक राहतात, असे हे पॅरिश असते.

उपासनेला येणारी मंडळी म्हणजेच पॅरिश, अशी समजूत असेल तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, तिथल्या धर्मगुरूच्या जबाबदारीत धरला जातो. नव्या व्हिकारची, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूची, नेमणूक करताना ‘ही आत्म्यांची काळजी तुझी आणि माझी’ असे म्हणून धर्मप्रांताचा प्रमुख असलेला बिशप हा भार त्याच्याबरोबर वाटून घेतो. पॅरिशच्या रहिवाशाला त्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी तीन रविवार उपासनेत लग्नाची जाहीर घोषणा होते. रहिवाशाच्या मुलाचा बाप्तिस्मा व्हिकारला नाकारता येत नाही. आईवडिलांची तयारी करून घेण्यापुरता तो फार तर लांबवता येतो. अंत्यविधीसाठी बोलावणे आले तर जावेच लागते. तीस माणसांच्या मंडळीवर दहा हजारांची जबाबदारी असते, आणि लहान पॅरिशचे मोठेपण व ओढाताण दोन्ही यातच आहे.

उगम

पॅरिशव्यवस्था इंग्लंडच्या राजघराण्याने रोमशी संबंध तोडण्याच्या कितीतरी आधीची आहे. सातव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप असलेले टार्ससचे थिओडोर यांना परंपरेने तिचे श्रेय देतात. ती वाढली खेड्यांच्या मापाने. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांची शहरे फुगली तेव्हा ते माप कोलमडले. १८१८ साली पार्लमेंटने नव्या चर्चसाठी १० लाख पौंड मंजूर केले, १८२४ साली आणखी ५ लाख. १८४३ च्या कायद्याने इमारत उभी राहण्याआधीच नवे पॅरिश आखण्याची मुभा मिळाली. आधी माणसे, मग भिंती, हा क्रम पुढे उपनगरांच्या फार उपयोगी पडला.

रेल्वेमार्ग वाढत गेले तशी घरांची रांग शहराबाहेर सरकली आणि चर्च तिच्यामागे गेले. लंडनच्या बेडफर्ड पार्कमधील सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे नॉर्मन शॉ यांनी रचलेले चर्च १८८० चे. नवी दिल्लीचे वास्तुकार एडविन लट्यन्स यांनी हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी सेंट ज्यूड चर्च उभारले. १९३० च्या दशकात एल्टमच्या नगरपालिका वसाहतीत विटा आणि काँक्रीटचे सेंट सेव्हियर झाले. पण ही नावाजलेली उदाहरणे. बहुतेक उपनगरांच्या वाट्याला आली ती साधी, काटकसरीने बांधलेली वास्तू. कित्येक ठिकाणी तर एकच सभागृह असे : एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला रंगमंच. आठवडाभर वेदीपुढे पडदा ओढलेला असे आणि रविवारी खुर्च्यांची तोंडे फिरवली जात. ‘खरे’ चर्च पुढे बांधू, असे ठरलेले असे. कित्येक ठिकाणी ते कधीच बांधले गेले नाही.

उपनगरी चर्चला बहुधा स्वतःची दफनभूमी नसते, ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट दूरगामी ठरली आहे. १८५० च्या दशकातील कायद्यांनंतर दफनाचे काम मोठ्या प्रमाणात सार्वजनिक दफनभूम्यांकडे गेले. खेड्यात उपासनेला न जाणारा माणूससुद्धा चर्चच्या छपरासाठी पैसे देतो, कारण त्याचे आजीआजोबा त्या आवारात पुरलेले असतात. उपनगरात तो धागाच नसतो. घर विकले की नाते संपते. अस्थिरक्षेसाठी राखलेल्या स्मृतिबागा काही चर्चनी केल्या आहेत, त्या या उणिवेवरचा उपाय म्हणून.

आठवडा आणि माणसे

विसाव्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक पॅरिशांत रविवारी सकाळचे प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) हीच मुख्य उपासना झाली. तिचा आराखडा २००० सालापासून वापरात आलेल्या ‘कॉमन वर्शिप’ या प्रार्थनाविधींतून घेतात. १६६२ चे प्रार्थनापुस्तकही अधिकृतच आहे आणि पुष्कळदा सकाळी आठच्या छोट्या उपासनेपुरते टिकून आहे. गायकवृंद असला तर चारपाच जणांचा. ऑर्गनवादक मिळणे दुर्मीळ झाल्याने कित्येक चर्च ध्वनिमुद्रित साथीवर गातात. उपासनेनंतरची कॉफी हा कार्यक्रमपत्रिकेत नसलेला, पण तितकाच महत्त्वाचा भाग. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची आठवड्यातील सर्वांत लांब गप्पा तिथेच होतात, आणि कोण आले नाही हेही तिथेच लक्षात येते.

सोमवार ते शनिवार हॉल चालू असतो. तान्ह्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे गट, स्काउट, नृत्यवर्ग, व्यसनमुक्तांच्या बैठका, अन्नपेढी. २०२२-२३ च्या हिवाळ्यात विजेचे आणि गॅसचे दर कडाडले तेव्हा अनेक हॉल ‘ऊबदार जागा’ म्हणून उघडे ठेवले गेले. केरळमधील मार थोमा या ख्रिस्ती पंथाच्या किंवा आफ्रिकी मंडळ्यांना दुपारी जागा भाड्याने देणारी पॅरिशही पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी चर्चमध्ये जेवढी माणसे येतात, त्याच्या कितीतरी पट आठवडाभरात त्या दारातून आत जातात. त्यांतल्या बहुतेकांना आपण ‘चर्चला जातो’ असे मात्र वाटत नाही.

कारभार पाहते ती पॅरोकियल चर्च कौन्सिल, म्हणजे पॅरिशची समिती. तिचे अधिकार १९२१ च्या कायद्याने ठरले. दर वसंतात होणाऱ्या वार्षिक सभेत दोन चर्चवॉर्डन निवडतात. हे पद मध्ययुगीन आहे. आज त्याचा अर्थ छपराची गळती, विमा, किल्ल्या, हिशेब आणि धर्मगुरू आजारी पडला तर रविवारची सोय. बालकांच्या व असुरक्षित व्यक्तींच्या संरक्षणासाठी जबाबदार व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. ते असायलाच हवे. अत्याचाराच्या प्रकरणांतील चर्चच्या अपयशामुळेच २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, राजीनामा जाहीर करावा लागला. पण लहान पॅरिशात ही सारी पदे त्याच पाचसहा जणांना आलटून पालटून घ्यावी लागतात. लहान पॅरिश बंद पडते ते श्रद्धा आटल्याने नव्हे, खजिनदार न मिळाल्याने, असे म्हणण्यासारखी स्थिती अनेक ठिकाणी आहे.

धर्मगुरू आता एकाच पॅरिशचा राहिलेला नाही. दोन-तीन पॅरिशांना मिळून एक, हा प्रकार सर्रास झाला आहे. वेतन न घेता सेवा करणारे दीक्षित, राहायला घर घेऊन त्या बदल्यात रविवार आणि आठवड्याचे दोन दिवस काम करणारे निवृत्तीच्या वयातील धर्मगुरू, आणि १८६६ पासून पुन्हा सुरू झालेल्या ‘रीडर’ पदावरील सामान्य उपासक यांच्यावर बराच डोलारा उभा आहे. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. चर्च ऑफ इंग्लंडमधील ही पहिलीच. स्त्रियांनी गेल्या तीन दशकांत ही लहान पॅरिश किती सांभाळली आहेत, याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

पैसा आणि छप्पर

पॅरिशला धर्मगुरू ‘फुकट’ मिळत नाही. प्रत्येक पॅरिश दरवर्षी धर्मप्रांताकडे ठरावीक वाटा भरते आणि त्यातून धर्मगुरूंचे वेतन, निवास व प्रशिक्षण भागते. हा वाटा जड का झाला याला इतिहास आहे. १९७६ च्या कायद्याने पॅरिशच्या धर्मगुरूच्या नावे असलेल्या जमिनी धर्मप्रांतांकडे गेल्या. पुढे १९९० च्या सुमारास चर्चची मध्यवर्ती मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सना मालमत्ता-गुंतवणुकीत सुमारे ८० कोटी पौंडांचा फटका बसला आणि १९९८ पासून धर्मगुरूंच्या नव्या निवृत्तिवेतनाचा भार कमिशनर्सकडून धर्मप्रांतांवर, म्हणजे अखेर पॅरिशवर आला. उपासकांच्या मासिक देणग्या, हॉलचे भाडे आणि करातून मिळणारा परतावा (करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स) यांवर संसार चालतो.

इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून करून घ्यावी लागते. हा नियम १९५५ चा. अहवालातील ‘तातडीची’ कामे वाचून कौन्सिलच्या सभेत शांतता पसरते. मोठ्या बदलांसाठी धर्मप्रांताची परवानगी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल सिनॉडने (चर्चच्या राष्ट्रीय प्रतिनिधिसभेने) २०३० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले. तेव्हापासून जुना गॅस बॉयलर बदलायचा कशाने, हा प्रश्न लहान मंडळीपुढेही आहे. वारसा म्हणून नोंदलेल्या चर्चना दुरुस्तीवरील कर परत मिळण्याची योजना होती, तिला एप्रिल २०२५ पासून इमारतीमागे २५,००० पौंडांची मर्यादा आली. दोन महायुद्धांदरम्यानच्या किती तरी उपनगरी चर्चची अशी नोंदच नसल्याने त्यांना तोही आधार नव्हता.

इथे उपनगराची खास अडचण दिसते. गरीब वस्त्यांसाठी चर्चकडे वेगळा निधी आहे. खेड्याला ओढ आणि पर्यटक आहेत. शहराच्या मध्यभागी विद्यार्थी आहेत, मोठी गुंतवणूक आहे. मधले उपनगर ना पुरेसे गरीब, ना पुरेसे सुंदर. तिथला एकटेपणा बंद दारांमागे असतो, म्हणून कोणत्याही निकषात बसत नाही. धर्मप्रांतांच्या योजनांत या पॅरिशांवर अन्याय होतो, असे म्हणायला जागा आहे.

रिकामी जागा आणि भविष्याचा आराखडा

लहान पॅरिश स्वतःविषयी सर्वांत स्पष्ट कधी बोलते? व्हिकार निघून गेल्यावर. या मधल्या काळात चर्चवॉर्डन आणि एरिया डीन (आसपासच्या पॅरिशांवर देखरेख करणारा धर्मगुरू) कारभार सांभाळतात. निवृत्त धर्मगुरू येऊन उपासना घेतात. १९८६ च्या कायद्यानुसार कौन्सिलला पॅरिशची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारे निवेदन तयार करावे लागते, आणि नेमणुकीत मत देण्यासाठी दोन प्रतिनिधी निवडावे लागतात. हे दोघे उमेदवाराला नकार देऊ शकतात. निवेदनाबरोबर सहसा ‘पॅरिश प्रोफाइल’ छापले जाते : हद्दीचा नकाशा, लोकसंख्या, शाळा, हिशेब, व्हिकारच्या घरात किती खोल्या, आणि ‘आम्हाला कसा धर्मगुरू हवा’.

या पुस्तिका वरवर एकसारख्या दिसतात. सगळ्यांना तरुण कुटुंबे हवी असतात. उपदेश करणारा, हिशेब जाणणारा, मुलांत रमणारा, आजाऱ्यांना भेटणारा असा सर्वगुणसंपन्न माणूस हवा असतो. तरी त्यांत प्रामाणिकपणाही असतो. आम्ही दमलो आहोत, गेली काही वर्षे वाटा पुरा भरलेला नाही, सर्वांत लहान उपासक पन्नाशीचा आहे, हे लिहायला धैर्य लागते. लिहिण्याच्या निमित्ताने मंडळी दुकानदारांना, मुख्याध्यापकांना, हॉल वापरणाऱ्यांना विचारते की आम्ही तुमच्या काय उपयोगाचे? ही विचारपूस एरवी कित्येक वर्षे झालेली नसते. मनात भीती असते ती एकच : बिशपने नेमणूक पाच वर्षांपर्यंत स्थगित ठेवून पॅरिश शेजारच्याला जोडली तर?

आकडे आणि अपेक्षा

भीती निराधार नाही. चर्च ऑफ इंग्लंडची सरासरी साप्ताहिक उपस्थिती २०१९ मध्ये सुमारे ८.५४ लाख होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे चर्च बंद झाली आणि सावरल्यानंतरही २०२३ चा आकडा ६.८५ लाखांच्या आसपास राहिला. २०२४ मध्ये तो सात लाखांच्या थोडा वर गेला. कॅनडात उतार अधिक तीव्र आहे : २०१७ पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेल्या अंतर्गत अहवालाने, कल असाच राहिला तर २०४० च्या सुमारास अँग्लिकन चर्चमध्ये सदस्यच उरणार नाहीत, असा इशारा दिला. उपनगरांत लोकसंख्या वाढत असूनही हे घडते. मुलांचे फुटबॉलचे सामने रविवारी सकाळी असतात आणि गाडी असलेली कुटुंबे सात-आठ मैलांवरच्या मोठ्या चर्चमध्ये जातात.

उपायांबद्दल एकमत नाही. वेल्समध्ये २०१२ च्या पाहणीनंतर पॅरिशांचे मोठे सेवाक्षेत्र-गट केले गेले, लेस्टर धर्मप्रांतानेही तशीच वाट धरली. याविरुद्ध २०२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट चर्चमध्ये ‘सेव्ह द पॅरिश’ चळवळ उभी राहिली. धर्मगुरू आणि इमारती यांना वाढीतील अडथळे म्हणणाऱ्या एका मांडणीने लोक दुखावले होते. पैसा मध्यवर्ती कार्यालयांत न अडकवता पॅरिशमध्ये धर्मगुरू ठेवण्यावर खर्चावा, ही तिची मागणी. या मागणीत तथ्य आहे. माणूस ओळखीचा होण्यापुरता तिथे राहिला, तरच लोक त्याच्याकडे मरणाच्या वेळी जातात; पाच चर्चच्या मध्ये धावणाऱ्याला ते जमत नाही. मात्र प्रत्येक जुनी इमारत वाचलीच पाहिजे हा हट्ट मंडळीलाच गाडू शकतो.

नव्या वाटा पुष्कळदा उपनगरातूनच निघाल्या आहेत. चित्रकला, खेळ, गोष्ट आणि एकत्र जेवण अशी मुलांसह मोठ्यांची ‘मेसी चर्च’ उपासना २००४ साली पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन येथील सेंट विल्फ्रिड चर्चमध्ये सुरू झाली आणि तिथून अनेक देशांत गेली. कोविडकाळात सुरू झालेले ऑनलाइन प्रक्षेपण घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी काही पॅरिशांनी चालू ठेवले आहे. बाकीच्या अपेक्षा साध्या आहेत आणि म्हणूनच विश्वासार्ह : व्हीलचेअर जाईल असे दार, स्वच्छ स्वच्छतागृह, नीट स्वयंपाकघर, शाळेशी नाते, शोक करणाऱ्या कुटुंबाला वर्षभराने पुन्हा भेट.

हे सारे करूनही चर्च बंद करावे लागले, तर त्याची रीत २०११ च्या कायद्यात दिली आहे. प्रस्ताव जाहीर होतो, हरकती ऐकल्या जातात, इमारतीचा दुसरा उपयोग शोधला जातो. कधी घरे, कधी दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची मंडळी, कधी पाडकाम. पॅरिशची हद्द मात्र नाहीशी होत नाही. ती शेजारच्या पॅरिशमध्ये मिळवली जाते आणि तिथल्या रहिवाशांचे बाप्तिस्मा, लग्न व अंत्यविधीचे हक्क त्या नव्या पॅरिशकडे जसेच्या तसे चालू राहतात.