इकोच्या रिपोर्टमध्ये ‘गळती’ लिहून आलंय? आधी हे वाचा

आमच्या केंद्रात टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला की बरेच जण रिपोर्ट दारातच उघडून बघतात. ‘एमआर ट्रेस’ (मायट्रल झडपेतून नाममात्र गळती) किंवा ‘टीआर माइल्ड’ (ट्रायकस्पिड झडपेतून सौम्य गळती) वाचलं की चेहरा उतरतो. म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो: निरोगी हृदयातही मायट्रल (डाव्या बाजूच्या) आणि ट्रायकस्पिड (उजव्या बाजूच्या) झडपांतून किंचित गळती दिसते. झडपेची ठेवण चांगली असेल, तर ‘ट्रेस’ला औषध लागत नाही.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. ते त्या दिवसाला सुमारे १ लाख वेळा करतात. झडप पुरती उघडली नाही तर त्याला स्टेनोसिस म्हणतात, पुरती मिटली नाही तर रिगर्जिटेशन, म्हणजेच गळती. काहींच्या एकाच झडपेत दोन्ही असतं.

लहानपणी घसा दुखून ताप येतो आणि उपचार अर्धवट राहतात, तिथून काहींना संधिज्वर होतो. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, आणि धाप लागायला सुरुवात होते ती कित्येक वर्षांनी. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देतात. मूल हसतंय-खेळतंय म्हणून ते परस्पर थांबवू नका, ही आमची कळकळीची विनंती. संधिज्वर पुन्हा उलटला की झडप आणखी खराब होते. उतारवयात कारण वेगळं असतं: महाधमनीच्या (एऑर्टिक) झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होते. शंभरातल्या एक-दोघांना ही झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. त्यांच्यात हे लवकर घडतं.

‘मला काहीच त्रास नाही’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि दरवेळी थोडं खोदून विचारतो. झडपेचा आजार इतका सावकाश वाढतो की माणूस नकळत चालणं कमी करतो, जिना टाळतो, मग धाप लागायला प्रसंगच उरत नाही. मागच्या वर्षी एका दमात होणारं कुठलं काम आज मध्ये थांबून करावं लागतं, ते आठवून पाहा. घरच्यांनाही विचारा, त्यांच्या ते आधी लक्षात आलेलं असतं. रात्री उशा वाढवाव्या लागणं, पायांना सूज, छातीत धडधड हेही डॉक्टरांना सांगा. एऑर्टिक झडप खूप अरुंद असताना श्रमाने चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं याला मात्र एक दिवसही अंगावर काढू नका. हा त्रास सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर अनेकांचं आयुष्य दोन-तीन वर्षांवर येतं.

निदानाची सुरुवात स्टेथोस्कोपपासून होते. डॉक्टरांना ‘मर्मर’ (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला की ते इको सांगतात. त्यात क्ष-किरण नसतात, साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसंच अरुंद झडपेतून रक्त वेगाने जातं. हा वेग इकोमधल्याच डॉप्लर तंत्राने मोजता येतो. एऑर्टिक झडपेतून तो सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त असेल, किंवा झडपेचं तोंड १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास वा त्याहून लहान उरलं असेल, तर आजार तीव्र समजतात. पण हृदयच थकलेलं असेल तर झडप खूप अरुंद असूनही वेग कमी भरतो. गळतीचंही तसंच. रक्तदाब चढलेला असेल तर मायट्रलची गळती आहे त्याहून मोठी दिसू शकते, म्हणून तपासणीच्या वेळचा रक्तदाब आम्ही रिपोर्टवर लिहितो. एकट्या आकड्यावरून घरी निष्कर्ष काढू नका. चित्र स्पष्ट नसेल तर अन्ननलिकेतून इको करतात, त्याला मात्र उपाशीपोटी यावं लागतं.

बिघडलेली झडप गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. लघवीच्या गोळीने सूज आणि धाप कमी होते, पण झडप तशीच राहते. आजार सौम्य असेल तर साधारण तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर एक-दोन वर्षांनी, तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षभरात पुन्हा इको करतात. पुढे गरज पडली तर चिकटलेली मायट्रल झडप काहींच्या बाबतीत फुग्याने उघडता येते, गळकी झडप जमल्यास दुरुस्त करतात, नाहीतर बदलतात. २००२पासून एऑर्टिक झडप छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतूनही बसवता येते. धातूची झडप टिकाऊ, पण तिच्यासाठी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी आणि आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) जन्मभर. जैविक (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या) झडपेला बहुधा ती कायमची लागत नाही, पण साधारण १० ते १५ वर्षांत ती झिजते. गरोदरपणाचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा, कारण झडपेची निवड आणि गोळी दोन्ही त्यावर ठरतात. कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी दंतवैद्यांना तसं जरूर सांगावं.

तपासणीला येताना जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. दोन वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी असला, तर आजचा आकडा डॉक्टरांना बरंच अधिक सांगतो.