काटे की चढ? वायरलेस इंटरनेट अडखळतं तेव्हा दोष सिग्नलचा की रांगेचा

छपरावर पांढरा डबा बसवून घरात येणारं इंटरनेट कोकणात आता नवलाईचं राहिलेलं नाही. जिओ एअरफायबर २०२३च्या गणेशचतुर्थीला, म्हणजे १९ सप्टेंबरला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं. ५ गिगाहर्ट्झच्या छोट्या डिश लावून सड्यावरून वाडीत नेट उतरवणारे स्थानिक केबलवाले तर त्याच्याही आधीपासून आहेत. या सगळ्यांच्या ग्राहकांची एक तक्रार मात्र सारखीच असते: स्पीड टेस्टला आकडा झकास येतो, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस मध्येच थिजतो.

त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की सिग्नल कमी आहे, डबा ज्यावर बसवलाय तो पाइप वाढवा. मग दहा फुटांचा पाइप वीस फुटांचा होतो, खर्च होतो, आणि रात्री नऊ वाजता कॉल पुन्हा तुटतो. कारण उशीर दोन अगदी वेगळ्या कारणांनी होतो आणि घरात बसलेल्याला दोन्ही सारखेच दिसतात. पहिलं कारण हवेतलं. टॉवर आणि डबा यांच्यातला रेडिओ संदेश खराब पोचतो, तो पुन्हा पाठवावा लागतो. दुसरं कारण रांगेचं. संदेश नीट पोचतात, पण निघण्याआधी कुठेतरी ताटकळतात. पहिल्यावर इलाज छपरावर असतो, दुसऱ्यावर राउटरमध्ये किंवा टॉवरवाल्याच्या हातात. निदान न करता शिडी लावू नये.

आधी वायफाय बाजूला काढा

जांभ्या चिऱ्याची भिंत वायफायला भारी पडते. माजघरात राउटर आणि पडवीत लॅपटॉप असेल तर मधल्या दोन भिंतीच पुरेसा गोंधळ घालतात. म्हणून लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा आणि राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला शंभर पिंग, म्हणजे पोचताच उत्तर मागणारे इवले चाचणी संदेश, पाठवा. केबलवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवं आणि एकही पिंग हरवता कामा नये. इथेच आकडे बिघडलेले असतील तर दोष घरातला आहे; टॉवरचा विचार सोडा.

मग दोन मोजमापं

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये १.१.१.१ या पत्त्याला ३०० पिंग पाठवा. सेकंदाला एक या हिशेबाने पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांचे फोन, टीव्ही, कॅमेरे नेटवरून उतरवा. पहिले दोन-तीन पिंग सोडून द्या, कारण निजलेलं रेडिओ कनेक्शन जागं होताना थोडा वेळ घेतंच. ही झाली रिकामी ओळ, म्हणजे नेट कोणी वापरत नसतानाची.

आता तेच ३०० पिंग पुन्हा चालू करा, आणि मिनिटभराने दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. दोन मिनिटांनी तो थांबवा. डाउनलोडपेक्षा अपलोडने तपासणं बरं. वायरलेस नेटमध्ये अपलोडची वाट मुळात अरुंद असते, त्यामुळे दोष तिथे आधी उघडा पडतो.

शेवटी येणाऱ्या सरासरीवर भिस्त ठेवू नका. सरासरी ७० मिलिसेकंद दोन्ही प्रकारांत येऊ शकते. आकड्यांची ओळ वरून खाली वाचा.

ओळ ३०, ३२, ३१, १८०, ३०, ३३, ९५, ३१ आणि मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी दिसते का? म्हणजे पाया जागेवर आहे आणि त्यावर अधूनमधून काटे उभे राहतात. नेट कोणी वापरत नसतानाही ते येतात. हा रेडिओचा दोष.

की ती ३०, ३१, ३२ अशी शांत चालते, अपलोड सुरू होताच ९०, २१०, ४६०, ७००वर चढते, तिथेच टिकते आणि अपलोड थांबवल्यावर पुन्हा ३०वर येते? इथे काटे नाहीत, पायाच वर उचलला गेला आहे. हा रांगेचा दोष. यात पिंग हरवत नाहीत किंवा क्वचितच हरवतात.

आकडे वाचायचा कंटाळा असेल तर फास्ट डॉट कॉमवर अधिक माहिती उघडा. तिथे रिकाम्या आणि भरलेल्या ओळीची लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वेगवेगळी दिसते. ऊकलाच्या स्पीडटेस्टमध्येही रिकामी, डाउनलोडची आणि अपलोडची अशी तीन लेटन्सी असतात. पहिली ३० आणि शेवटची ६०० असेल तर रांग आहे हे निश्चित. काटे मात्र अशा अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत सहज निसटतात. ते पकडायला लांब पिंगच हवा.

काटे कुठून येतात

रेडिओवरून गेलेला माहितीचा तुकडा टॉवरला समजला नाही, तर तो पुन्हा मागवला जातो. फोर-जीत अशी एक फेरी साधारण ८ ते १० मिलिसेकंद खाते. एक-दोन फेऱ्यांत काम झालं तर कळतही नाही. तेवढ्यात भागलं नाही, तर वरच्या पातळीवरून पुन्हा पाठवणी होते आणि उशीर शंभरीकडे जातो. काटा दिसतो तो हा.

डब्याच्या किंवा राउटरच्या सेटिंग पानावर दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतो: उणे ९०पेक्षा चांगला असेल तर ठीक, उणे ११०च्या पलीकडे गेला तर कठीण. एसआयएनआर म्हणजे त्या सिग्नलमध्ये गोंगाटाच्या मानाने अर्थ किती आहे: २०च्या वर उत्तम, १०च्या खाली काटे सुरू, शून्याखाली हाल. फोनवरच्या काड्या मुख्यतः पहिला आकडा दाखवतात, उशीर मात्र दुसरा ठरवतो. जोर भरपूर आणि एसआयएनआर ४ असेल तर पाइप उंच करून बहुधा आणखी चार टॉवरांचा गोंगाट गोळा होईल. तिथे डबा थोडा फिरवून किंवा घराच्या भिंतीची आड घेऊन नको असलेला टॉवर झाकणं जास्त उपयोगी पडतं. पाच-पाच अंश फिरवा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा आणि एसआयएनआर लिहून घ्या.

त्याच पानावर पीसीआय नावाचा आकडा असतो, तो टॉवरच्या त्या बाजूची ओळख. दर काही मिनिटांनी तो दोन आकड्यांत उड्या मारत असेल तर डबा दोन टॉवरांमध्ये हेलकावे खातो आहे आणि प्रत्येक उडीला एक काटा उभा राहतो. खाडीकाठच्या गावांत हे होतं, कारण पलीकडच्या तीरावरचा टॉवर पाण्यावरून सरळ दिसतो आणि आपल्या बाजूचा डोंगराआड राहतो. सेटिंगमध्ये एकाच टॉवरला बांधून ठेवायची सोय असेल तर चांगल्या एसआयएनआरचा निवडा.

झाडांचा हिशेब तर बरेच जण चुकवतात. टॉवर ‘दिसतो’ म्हणजे वाट मोकळी आहे असं नव्हे. रेडिओ लहर सुतासारखी जात नाही, मधोमध फुगलेल्या विडीसारखी जागा तिला लागते. ३.५ गिगाहर्ट्झवर ३ किलोमीटरच्या वाटेत या फुगवट्याची त्रिज्या मध्यावर सुमारे ८ मीटर असते, आणि त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळी हवी. बसवताना खाली असलेली माडाची झावळी तीन वर्षांनी त्या जागेत शिरते. वाऱ्याने ती हलली की काटे वाऱ्याच्या तालावर येतात. पावसाळ्यात ओली पानं ओलावाच घेऊन उभी असतात, तेव्हा त्रास वाढतो. ३.५ किंवा ५ गिगाहर्ट्झला पावसाच्या धारा स्वतः जवळजवळ काही करत नाहीत. २६ गिगाहर्ट्झचं कनेक्शन असेल तर मात्र मुसळधार पाऊस किलोमीटरमागे सिग्नलचे १० डेसिबलहून जास्त खातो.

पाऊस थांबल्यावरही दोन दिवस नेट खराब राहतं का? मग पाणी जोडात शिरलंय. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो. छपरावरून येणाऱ्या केबलचं टोक उपटून उजेडात बघा. हिरवट डाग दिसले तर ते कापून नवं टोक बसवा. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला वळसा द्या, म्हणजे पागोळीचं पाणी वळशाच्या तळातून गळेल. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा; साधी काळी टेप उन्हात सुटते. एक खूण लक्षात ठेवा: १ गिगाबिटच्या जोडणीला केबलच्या चारही जोड्या शाबूत लागतात. राउटरच्या पानावर छपराची जोडणी एकाएकी १०० मेगाबिट दाखवू लागली, तर केबल किंवा टोक गेलं असं समजून चालायला हरकत नाही.

आता खास किनाऱ्याची गोष्ट. खाडी ओलांडून येणाऱ्या लहरीचा एक भाग सरळ येतो, एक पाण्यावर आपटून येतो. पाणी चढलं-उतरलं की दुसऱ्याची वाट कमी-जास्त होते आणि ठरावीक पातळीला दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. म्हणून काट्यांच्या वेळा आठवडाभर कॅलेंडरवर लिहा. त्रास रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकत असेल तर तो भरती-ओहोटीचा आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्यांना हा हिशेब शिकवायला नको. अष्टमीला सहाच्या आसपास येणारा त्रास पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास आला की पुरावा मिळाला. डबा मीटर-दोन मीटर वर किंवा खाली सरकवून तो बराच आटोक्यात येतो, आणि इथे खाली आणणंही चालतं. उलट उन्हाळ्यातल्या वारा पडलेल्या रात्री समुद्रावरच्या हवेच्या थरांतून दूरदूरचे सिग्नल वाहून येतात, जोर तसाच राहून एसआयएनआर कोसळतो आणि वारा सुटला की सगळं सुधारतं. त्यावर छपरावर करण्यासारखं फारसं नाही.

रांग कुणाची: घरातली की टॉवरची

रांगेच्या त्रासाला तिथी नसते. ती घड्याळ पाळते, किंवा घरातल्या माणसांची सवय.

घरातली रांग कशी लागते ते गणितच सांगतं. अपलोड ५ मेगाबिट प्रति सेकंद आहे आणि डब्यात १ मेगाबाइट साठवण्याची जागा आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. भागिले ५ केलं की १.६ सेकंद. फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की ही जागा काठोकाठ भरते, आणि तुमच्या कॉलचा इवलासा तुकडा तिच्या शेपटाला १.६ सेकंद उभा राहतो. सिग्नल तेव्हा अव्वल असू शकतो. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा तुकडा रांगेत किती वेळ उभा राहिला हे ती बघते, आणि ५ मिलिसेकंदांहून जास्त उशीर टिकून राहिला तर पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावते.

उपाय असा, की रांग डब्यात लागूच द्यायची नाही, आपल्या राउटरमध्ये लावायची. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे रांग आखूड ठेवण्याची, सोय असेल, किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर मध्ये बसवला असेल, तर त्यात ‘केक’ ही रांग सांभाळायची रीत निवडा. अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवा, आणि मोजणी गर्दीच्या वेळची घ्या. पहाटेच्या वेगावर बेतलेली मर्यादा रात्री निरुपयोगी ठरते. वेग फार खालीवर होत असेल तर ७० टक्क्यांपर्यंत उतरा. थोडा वेग जातो, पण कॉल टिकतो; हा सौदा करण्याजोगा आहे. राउटर बदलणं जमणार नसेल तर निदान फोटो बॅकअप रात्री दोननंतर लावा, आणि कलमांच्या बागेतल्या कॅमेऱ्यांचं चित्र क्लाउडवर अखंड जाण्याऐवजी हालचाल झाल्यावरच जाईल असं करा.

टॉवरची रांग ओळखायला पहाटे पाचला आणि रात्री साडेनऊला, दोन्ही वेळा रिकाम्या घरच्या ओळीवर, ३०० पिंग घ्या. पहाटे सर्वांत कमी पिंग २८ आणि रात्री सर्वांत कमी पिंगच ११० असेल, तर तुमच्या घरात कोणी काही करत नसताना पाया उचलला गेला आहे. रांग टॉवरवर आहे. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की हीच रांग दुपारपासून लागते. इथे एसक्यूएम काही करू शकत नाही आणि पाइपही नाही. दुसऱ्या टॉवरकडे डबा वळवून बघा, एसआयएनआर थोडा कमी असला तरी.

दोन्ही एकदम असतील तेव्हा

गोंधळ खरा होतो तो इथे. एसआयएनआर घसरला की डबा एका चिन्हात, म्हणजे रेडिओ लहरीच्या एका ठोक्यात, ८ बिट कोंबायचं सोडून २ बिटांवर येतो. वेग चौथाई होतो, साठवणीची जागा तेवढीच राहते, आणि १.६ सेकंदांची रांग ६.४ सेकंदांची होते. पिंगच्या ओळीत मग चढही दिसतो आणि चढावर काटेही. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: आधी छप्पर, मग राउटर. डळमळत्या रेडिओवर एसक्यूएमची मर्यादा कुठे ठेवायची तेच ठरत नाही. रिकाम्या ओळीवरचे काटे जाईपर्यंत मर्यादेला हात लावू नका.

तक्रार नोंदवायची वेळ आलीच तर ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. पहाटेचा आणि रात्रीचा सर्वांत कमी पिंग, हरवलेल्या पिंगांची टक्केवारी, त्या वेळचे आरएसआरपी, एसआयएनआर, पीसीआय, आणि केबलने मोजल्याचा उल्लेख एवढं एका कागदावर द्या. तो कागद हातात असला की येणाऱ्या माणसाला पाइपची लांबी वाढवण्याआधी कुठे बघायचं ते कळतं.