मोरीतला वाळा

पावसाळा लागला की रत्नागिरीकडच्या आमच्या घरात न्हाणीच्या मोरीतून कोणी ना कोणी वर येतंच. गेल्या जूनमध्ये काकूने हाक मारली, "अगो, मीठ आण, मोरीत गांडूळ आलाय!" मी मूठभर मीठ घेऊन धावले, पण फरशीवर वळवळत होतं ते गांडूळ नव्हतं. गांडूळ ताणतं, आखडतं, मग पुढे सरकतं. हे भराभर नागमोडी पळत होतं. अंगावर वळ्या नव्हत्या, काळपट अंग तेल चोपडल्यासारखं चकाकत होतं आणि इवलीशी जीभ आतबाहेर होत होती. वाळा! बिनविषारी साप.

हे कुणा मोठ्या सापाचं पिल्लू नव्हे. पूर्ण वाढलेला वाळा साधारण 10 ते 15 सेंटिमीटरच भरतो. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. तोंड एवढं बारीक की माणसाला चावणं त्याला जमतच नाही. तळहातावर घेतला तर शेपटीच्या टोकाचा काटा टोचतो, आणि लोक त्यालाच दंश समजतात. त्या काट्यात विष नाही. मातीत शिरताना रेटा द्यायला तो लागतो.

एरवी तो जमिनीखाली मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या खात असतो. बिळांत पाणी भरलं की वर येतो. वाळवीचं डोकं टणक, पचायला जड. म्हणून कधीकधी तोंडातली वाळवी जमिनीवर घासून तो डोकं तोडून टाकतो आणि उरलेली गिळतो. एवढ्याशा जिवाची ही हिकमत मला फार आवडते.

मराठीने त्याला पुल्लिंगी नाव दिलं, पण खात्रीने नर म्हणावा असा वाळा आजवर सापडलेला नाही. सगळ्या माद्या. नराशिवायच त्या अंडी घालतात आणि पिल्लं आईची हुबेहूब नक्कल असतात. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, वाळ्यात तीन.

आता आपल्या रोपवाटिकांतून बाहेर पडणारी आंब्याची कलमं आठवा. पिशवीतल्या मातीत एक वाळा असला तरी नव्या गावात त्याचा वंश सुरू होऊ शकतो. दक्षिण आशियातला मानला जाणारा हा साप असाच झाडांच्या मुळाशी बसून आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. हवाई बेटांवर तो 1930 च्या सुमारास आढळला, फिलिपिन्सहून आणलेल्या झाडांबरोबर आलेला. जगात इतका दूरवर पसरलेला जमिनीवरचा दुसरा साप नाही.

मीठ मी बरणीत परत टाकलं. वाळ्याला कागदावर घेऊन परसात गेले, नारळाच्या आळ्यात सोडला. पाचोळ्याखाली त्याने डोकं खुपसलं, शेपटीचा काटा एकदा मातीत रोवला आणि दिसेनासा झाला. काकू दारातून बघत होती. "पुन्हा आला तर मीठ नको ना?" तिने विचारलं.