पासवर्ड लॅपटॉपलाही माहीत नसतो

तासगावच्या मामांचा फोन आला की मी समजून जातो, एकतर बागेचं काहीतरी असणार नाहीतर लॅपटॉपचं. या वेळी लॅपटॉप होता. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली, मागच्या साली कुठल्या प्लॉटला कधी काय फवारलं त्याचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये, आणि मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र आणि पासवर्डचा चौकोन. "आरं मी असला पासवर्ड कधी टाकलाच नाही, मी चार आकडं टाकतो की रोज."

खरं होतं त्यांचं. लॅपटॉप मूळचा मामेबहिणीचा, ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा नवा घेतला आणि हा घरी ठेवला, आणि मामा वर्षभर तो कधी बंदच करत नव्हते, नुसतं झाकण पाडायचे. झाकण पाडलं की मशीन झोपतं, उघडलं की विंडोज चार आकड्यांचा पिन मागतं, बास. मग एकदा दोन दिवस लाईट नव्हती, बॅटरी पार उतरली, मशीन पहिल्यापासून सुरू झालं आणि तिनं हॉस्टेलवर असताना कधीतरी घातलेलं बाहेरचं कुलूप समोर आलं.

म्हणजे "पासवर्ड विसरला" असं आपण सरसकट म्हणतो पण आधी बघायचं असतं की कुठला. फाटकाचं कुलूप वेगळं, ते बायोसचं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामचं, विंडोज सुरू व्हायच्या आधी येतं. घराच्या दाराचं वेगळं, ते विंडोजचा पिन किंवा पासवर्ड. आणि तिसरं कुलूप दिसतच नाही, ते डिस्कवरच्या माहितीलाच लावलेलं असतं, त्याचं पुढं सांगतो कारण खरा घोळ तिथंच झाला.

मी पोचायच्या आत मामा लॅपटॉप घेऊन सांगलीला एका दुकानात जाऊन आलेले. तिथला पोरगा म्हणाला, सेल काढून बघूया की. हा उपाय अगदीच येडेपणाचा नाही हां. १९८४ च्या आयबीएम एटी कॉम्प्युटरमध्ये घड्याळाची एक चिप होती, तिच्यात फक्त ६४ बाइट मेमरी, त्यातले १४ घड्याळाच्या कामाला आणि उरलेल्या ५० मध्ये मशीनची सेटिंगं. ही मेमरी बॅटरीवर जगायची, बॅटरी काढली की सगळं पुसलं जायचं. पुढं कितीतरी डेस्कटॉपांत पासवर्डही तिथंच असायचा, म्हणून नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवला की काम व्हायचं. लॅपटॉप बनवणारे मात्र लवकर शहाणे झाले, लॅपटॉप चोरीला जातो, त्यामुळं बहुतेकांनी पासवर्ड अशा चिपमध्ये टाकला की जिला टिकून राहायला करंटच लागत नाही. सेल काढून मामांचं एवढंच झालं की घड्याळ काही वर्षं मागं गेलं, बायोसची बाकीची सेटिंगं मूळ पदावर आली, आणि पासवर्ड होता तिथंच. काही कंपन्या तर अशा वेळी मदरबोर्डच बदला म्हणतात.

मामांनी तेव्हा एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "काढता येत नाही म्हणतोस, पण त्या डब्याला तर म्हाईत असणार की, त्याशिवाय मी चुकलो हे त्याला कळतंय कसं?"

जुन्या काळी खरंच माहीत असायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकच कॉम्प्युटर बरेच जण वाटून वापरायचे, तिथं सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलीत सरळ लिहिलेले. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला त्याच्या वाट्याचा वेळ पुरेना, त्यानं ती फाइलच प्रिंट करून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावानं काम करत बसला. आता तसं ठेवत नाहीत (जुन्या बायोसांत एवढं सोवळं नव्हतं पाळलेलं, पण विंडोज, बँका, ईमेल सगळीकडं हेच). मामांना मी हळदीवर समजावलं. हळकुंडं गिरणीत घातली की पूड येते, पुडीचं परत हळकुंड करता येत नाही. कॉम्प्युटर फक्त पूड जपून ठेवतो. तुम्ही टाकलेलं हळकुंड तो त्याच गिरणीत दळतो आणि दोन्ही पुडी सारख्या आल्या तर दार उघडतो. फरक एवढाच की ही गिरणी इतकी तंतोतंत दळते की एक अक्षर बदललं तरी पूड ओळखीची राहात नाही. या दळण्याला हॅश म्हणतात. आणि गंमत म्हणजे दळताना त्यात मीठही घालतात, शब्दच तो आहे, सॉल्ट. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सची (विंडोजसारखीच एक जुनी सिस्टीम) ही पद्धत लिहून मांडली, त्यात ४,०९६ प्रकारचं मीठ होतं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पूड बहुतेक वेळा वेगळी यायची.

चोराला मग एकच वाट उरते, मिळेल ते हळकुंड दळून बघत बसायचं. नुसती आठ छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात, ऐकायला लै वाटतं पण सेकंदाला १०० कोटी दळणारं मशीन साडेतीन मिनिटांत सगळ्या संपवतं. बारा अक्षरं केली की त्यालाच तीन वर्षं लागतात.

दसऱ्याला मामेबहीण आली. फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "दादा, नाही रे आठवत." मी म्हटलं, आठवू नकोस, तू नुसती बस, हॉस्टेलवर बसायचीस तशी मांडीवर घेऊन, आणि टाइप कर. दुसऱ्या खेपेला फाटक उघडलं! काय टाइप केलं विचारलं तर तिला सांगता येईना, बोटांकडं बघून परत करून दाखवावं लागलं. याला शास्त्र आहे. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याला नवीन काही लक्षात राहणंच बंद झालं. ब्रेंडा मिलनर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याच्याकडून आरशात बघून चांदणी गिरवून घेतली, रोज त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि हात मात्र रोज सुधारत गेला. हाताच्या सवयीची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं साठते, शब्दांत सांगता येते तिच्यापेक्षा.

आता पिन टाकायचा तर निळा पडदा, ४८ आकडे द्या म्हणे. हेच ते तिसरं कुलूप, बिटलॉकर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की ते आपोआप लागतं, आपल्याला पत्ताही नसतो. डिस्कवरचा सगळा मजकूर त्यात कालवून ठेवलेला असतो, आणि ते उलगडायची किल्ली मशीनमधली टीपीएम नावाची चिप सांभाळते, पण अट अशी की मशीन सुरू होताना सगळं पूर्वीसारखं दिसलं पाहिजे. सेल काढल्यानं सेटिंगं बदललेली, चिपनं ओळखच दिली नाही. पूर्वी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फाइली दिसायच्या, इथं तेही नाही. ४८ आकड्यांमागं १२८ बिटांची, म्हणजे १२८ शून्य-एकांची किल्ली असते आणि ती अंदाजानं शोधायला मघाच्याच वेगानं विश्वाच्या वयाच्या हजारो कोटी पट वेळ लागेल. इथं दुकान बदलून उपयोग नाही. सुदैवानं बहिणीनं मोबाईलवर स्वतःचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडलं तर तिथं ती ४८ आकड्यांची किल्ली (रिकव्हरी की) पडलेली होती.

ती टाकून मशीन एकदाचं उघडलं, फवारणीचा हिशोब मिळाला, आणि मामांनी ते आकडे लगेच फवारणीच्या डायरीत मागच्या पानावर उतरवून घेतले, सहा सहाचे आठ गट. मी म्हटलं थांबा, तपासू. या किल्लीतला प्रत्येक गट ११ नं पूर्ण भागला जातो, मुद्दाम तसा केलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे लिहिले गेले की भाग जात नाही आणि चूक लगेच सापडते. मामा पेन्सिल घेऊन भागाकार करत बसले, कॅल्क्युलेटर नको म्हणाले. सहाव्या गटात बाकी उरली. एक आकडा चुकला होता, १ चा ७ झालेला.